थर्मामीटर आणि रोपाचे भाग: वर्गात काय चुकतं आणि कोणत्या क्रमाने करावं

प्राथमिक वर्गात तापमान मोजणं आणि वनस्पतींचे भाग ओळखणं हे दोन विषय हमखास येतात. दोन्ही सोपे वाटतात, म्हणून तयारी कोणी करत नाही. मग एकाच खोलीचं तापमान कुणी २४ लिहितो, कुणी ३३, आणि बटाट्याच्या चित्राखाली ‘मूळ’ असं लिहून त्यावर बरोबरची खूणही होते.

बहुतेक गोंधळ क्रमामुळे होतो. आपण आधी नाव आणि उत्तर सांगतो, मग वस्तू दाखवतो. उत्तर कळल्यावर मूल बघत नाही, फक्त मान डोलावतं. म्हणून इथे सगळीकडे एकच क्रम पाळायचा आहे: आधी अंदाज, मग बघणं किंवा मोजणं, मग वहीत नोंद, आणि नाव सगळ्यात शेवटी. शिक्षकांसाठी लिहिलं असलं तरी घरी मुलांना घेऊन बसणाऱ्या आईबाबांनाही हे जसंच्या तसं करता येईल.

आदल्या दिवशीची तयारी

१. हातात कोणता थर्मामीटर आहे ते आधी पाहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘थर्मामीटर’ म्हणून चार वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात.

ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर साधारण ३५ ते ४२ अंश सेल्सिअस एवढंच दाखवतो. त्याच्या नळीत फुग्याजवळ (द्रव भरलेल्या खालच्या टोकाजवळ) एक बारीक अडथळा असतो. त्यामुळे तोंडातून काढल्यावरही पारा खाली येत नाही, झटकावा लागतो. याने हवा किंवा पाणी मोजायचं नाही. गरम पाण्यात घातला तर पाऱ्याला वर जायला जागा उरत नाही आणि काच फुटते.

ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटरही हवेसाठी निरुपयोगी. तापमान त्याच्या मर्यादेखाली असलं की तो आकडा दाखवतच नाही.

कोविडच्या काळात बऱ्याच शाळांत आलेली ‘बंदूक’ समोरच्या वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, हवेचं नाही. तिला सहसा दोन सेटिंग असतात, एक शरीराचं आणि एक वस्तूचं. शरीराच्या सेटिंगवर ठेवून भिंत मोजली तर आकडा चुकीचा येतो. वस्तूच्या सेटिंगवर मात्र पत्र्याचं छप्पर, अंगणातली फरशी आणि झाडाचं पान यांतला फरक छान दिसतो.

आपल्या कामाचा म्हणजे प्रयोगशाळेतला लांब काचेचा थर्मामीटर, साधारण उणे १० ते ११० अंशांचा. लाल रंगाचा द्रव असलेला घ्या, पाऱ्याचा नको. लहान मुलांच्या हातून एखादा तरी पडणारच.

सावधान: पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर मुलांना बाहेर काढा आणि खिडक्या उघडा. हातातलं सोनं काढून ठेवा, कारण पारा सोन्याला चिकटतो. झाडूने लोटू नका, त्याने थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. जाड कागदाने गोळा करून थोडं पाणी असलेल्या बाटलीत घाला आणि झाकण घट्ट लावा. केरात किंवा मोरीत टाकू नका.

२. बर्फाची परीक्षा

वर्गात पाच थर्मामीटर असतील तर पाचही सारखं दाखवतील असं धरून चालू नका. बर्फ बारीक फोडा, भांडं भरा, थोडंसंच पाणी घाला, ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. मग प्रत्येक थर्मामीटरचा फुगा त्यात बुडवा. आकडा शून्य यायला हवा. एखादा १ दाखवत असेल तर त्यावर चिकटपट्टी लावून ‘१ वजा करा’ असं लिहा. लाल द्रवाच्या रेषेत मध्येच फट दिसली तर तो थर्मामीटर सरळ बाजूला ठेवा.

उकळत्या पाण्याने १०० ची परीक्षा घेण्याच्या फंदात पडू नका. मुलं भाजण्याचा धोका आहेच, शिवाय ते १०० समुद्रसपाटीचं असतं. पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५–९६ लाच. चांगला थर्मामीटर उगाच खोटा ठरेल.

३. रोपं निवडा

दोन प्रकारची रोपं लागतील. एक तांदुळजा, चवळी किंवा मोहरीसारखं आणि दुसरं गहू, ज्वारी किंवा हराळीसारखं. पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाला ढीगभर तण मिळतं, एरवी पंधरा दिवस आधी कुंडीत चवळी आणि गहू पेरा.

आणू नयेत अशी झाडं आधीच ठरवून ठेवा. कण्हेर आणि धोत्रा विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. गाजरगवताने अंगाला खाज आणि पुरळ उठतं, आणि नेमकं तेच मैदानात सगळ्यात जास्त असतं. खाजकुयलीचं वेगळं सांगायला नको. ‘येताना एकेक रोप आणा’ असं मुलांना मोघम सांगू नका, नावं देऊन सांगा.

तापमान मोजणं

४. आधी हाताची परीक्षा

तीन पातेली घ्या: एकात गार पाणी, एकात कोमट, मधल्यात साधं. कोमट पाणी ४० अंशांच्या वर नको. आधी तुम्ही थर्मामीटर लावून बघा, मगच मुलांना हात घालू द्या. एका मुलीने एक हात गार पाण्यात आणि दुसरा कोमट पाण्यात मिनिटभर ठेवायचा, मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात. तेच पाणी एका हाताला गरम लागतं, दुसऱ्याला गार.

याआधी ‘हाताने तापमान नीट कळत नाही’ हे वाक्य उच्चारू नका. ते वाक्य मुलांच्या तोंडून यायला हवं. थर्मामीटर कशाला लागतो हे मग सांगावं लागत नाही.

५. खुणा वाचायला शिकवा, थर्मामीटर कोरडा असतानाच

पाण्यात घालण्याआधी पाच मिनिटं नुसत्या खुणा मोजायला द्या. २० ते ३० मध्ये किती घरं आहेत? दहा असतील तर एक घर एका अंशाचं. भिंतीवरच्या बऱ्याच थर्मामीटरमध्ये पाचच घरं असतात, म्हणजे एक घर दोन अंशांचं. तापाच्या फॅरनहाइट थर्मामीटरमध्ये ९८ आणि ९९ च्या मध्ये पाच घरं असतात, एकेक ०.२ चं. तिथे ९८ नंतरची दुसरी रेघ म्हणजे ९८.४. मुलं ती ९८.२ वाचतात, आणि मोठी माणसंही.

भिंतीवरच्या थर्मामीटरला एका बाजूला सेल्सिअस आणि दुसऱ्या बाजूला फॅरनहाइट असं असू शकतं. कोणती बाजू वाचायची ते ठरवा आणि दुसरीवर कागद चिकटवून टाका. रूपांतराचं गणित (फॅरनहाइटमधून ३२ वजा, गुणिले ५, भागिले ९) या वयात नको. ३७ सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, एवढं पुरे.

६. पाण्याचं तापमान

क्रम असा ठेवा:

अंदाज वहीत लिहा. पेनने, खोडता येऊ नये म्हणून. थर्मामीटर वरच्या टोकाला धरा. फुगा पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. टेकला तर पाण्याऐवजी भांड्याचं तापमान कळतं. एकदा हलकेच ढवळा. रेघ चढायची किंवा उतरायची थांबेपर्यंत थांबा, एक-दोन मिनिटं तरी. थर्मामीटर पाण्यातच ठेवून वाचा.

शेवटची पायरी हमखास चुकते. घरी तापाचा थर्मामीटर तोंडातून काढून उजेडात नेऊन वाचताना मुलांनी पाहिलेलं असतं, म्हणून इथेही ती थर्मामीटर पाण्याबाहेर काढतात. या थर्मामीटरला तो अडथळा नसतो. बाहेर काढला की रेघ लगेच हलायला लागते.

दुसरी चूक डोळ्यांची. रेघेचं टोक आणि डोळा एका पातळीत हवेत. उभं राहून वरून वाचलं तर काय होतं ते मुलांनाच करून बघू द्या: एकाच थर्मामीटरसमोर एक जण बाकावर उभा, एक गुडघ्यावर, एक बरोबर समोर. खुणा काचेवरच कोरलेल्या असतील तर वरून बघणाऱ्याला आकडा जास्त दिसतो. खुणा मागच्या पट्टीवर असतील तर उलट, वरून कमी दिसतो. तिघांचे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि कोणता बरोबर यावर त्यांना भांडू द्या. ही दहा मिनिटं वाया जात नाहीत.

तपासा: एकाच भांड्यात मोजणाऱ्या गटांच्या आकड्यांत दोन अंशांहून जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका. फुगा टेकला, घाई झाली की डोळा वर होता, ते शोधा.

७. हवेचं तापमान

उन्हात धरलेला थर्मामीटर उन्हाने तापलेल्या स्वतःच्या काचेचं तापमान सांगतो, हवेचं नाही. त्यामुळे मोजणी सावलीत, फुगा कोरडा, भिंतीपासून लांब आणि श्वास लागणार नाही असा. हवामान खातं आपले थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतं, ते याचसाठी. तुम्ही व्हरांड्याच्या खांबाला दोरीने त्याच उंचीवर टांगा आणि दहा मिनिटांनी वाचा. फुगा खांबाला चिकटू देऊ नका.

रोज त्याच जागी, त्याच वेळी. नोंदीच्या तक्त्यात तारीख, वेळ, जागा, अंदाज, आकडा आणि वाचणाऱ्याचं नाव अशी सहा घरं हवीत. वेळेचं घर बहुतेक तक्त्यांत नसतंच. सकाळी साडेसातचे २२ आणि दुपारी अडीचचे ३१ एका ओळीत लिहिले तर त्यावरून काहीच कळत नाही.

मोबाइलवरचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही म्हणून मुलं हिरमुसतात. मोबाइलवरचा आकडा बहुधा लांबच्या केंद्राचा किंवा गणिताने काढलेला असतो. तुमचा आकडा तुमच्या व्हरांड्याचा आहे. वहीत तोच लिहायचा.

८. मातीचं तापमान

काचेचा थर्मामीटर मातीत कधीही दाबून घालू नका, तुटतो आणि हाताला लागतो. आधी जाड खिळ्याने पाच सेंटिमीटर खोल भोक पाडा, मग फुगा अलगद सोडा आणि कडेने माती सारा. उघड्या मैदानात एकदा आणि झाडाखाली एकदा मोजा. दुपारी या दोन आकड्यांत जो फरक दिसतो त्यावरूनच रोपांकडे वळता येतं.

रोपाचे भाग

९. उपटणं

रोप हिसकून उपटलं की बारीक मुळं मातीतच राहतात आणि हातात शेपटासारखं एकच मूळ येतं. मग मुलांना सगळ्याच रोपांना सोटमूळ दिसतं. आदल्या संध्याकाळी पाणी घाला. सकाळी खुरप्याने रोपाभोवती वीतभर गोल खणून मातीच्या गड्ड्यासकट काढा. गड्डा बादलीत बुडवून ठेवा, माती आपोआप सुटते. नळाखाली धरू नका.

१०. नाव न सांगता चित्र

रोप पांढऱ्या कागदावर पसरा. पहिलं काम फक्त चित्र काढायचं, जसं दिसतं तसं. फळा पुसलेला हवा आणि पुस्तक मिटलेलं. पुस्तक उघडं राहिलं तर सगळी मुलं पुस्तकातलंच रोप काढतात: मधोमध सरळ खोड, दोन्हीकडे सारखी पानं आणि वर एक गुलाबी फूल. समोर पडलेल्या तांदुळज्याला तसलं काही नसतं.

चित्राशेजारी मापं लिहायला सांगा: मूळ किती सेंटिमीटर, खोड किती, पानं किती. मोजायला लावलं की मूल खरंच बघतं. त्यानंतर दुसऱ्या प्रकारचं रोप शेजारी ठेवा आणि फरक विचारा. चवळीचं एक जाड मूळ आणि त्याला फुटलेली बारीक मुळं, तर गव्हाचा सारख्या जाडीच्या मुळांचा झुपका. चवळीच्या पानात शिरांची जाळी, गव्हाच्या पानात समांतर रेघा. एवढं मुलांनी आपल्या शब्दांत सांगितल्यावर सोटमूळ, तंतुमूळ, जाळीदार आणि समांतर शिराविन्यास हे शब्द फळ्यावर लिहा.

सावधान: पहिल्या दिवशी अळूचं पान आणू नका. त्यात शिरांचं जाळं दिसतं, पण मुळं तंतुमय असतात. तो अपवाद आहे आणि अपवाद नियमानंतरच चांगला.

११. जमिनीखाली आहे म्हणजे मूळ नव्हे

टेबलावर बटाटा, आलं, रताळं, गाजर आणि कांदा ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: यात मूळ कोणतं? बहुतेक मुलं सगळ्यांना मूळ म्हणतील. खोडाची खूण सांगायला ऊस आणा. उसाला पेरं असतात, दोन पेरांमध्ये कांडं असतं आणि पेराजवळ डोळा असतो. शेतकऱ्याच्या घरातलं मूल हे तुमच्याआधी सांगेल, त्याला सांगू द्या. आता तीच खूण इतरांवर शोधा. बटाट्याला डोळे आहेत, आल्याला पेरांच्या कड्या आहेत, म्हणून ही खोडं. गाजराला यातलं काही नाही, ते मूळ. रताळंही मूळच, जरी त्याला नंतर कोंब फुटत असले तरी. कोंब फुटतो म्हणजे खोड, असा नियम करू नका. पेरांची ठरावीक मांडणी बघा.

कांदा उभा कापा. खालची चपटी चकती हे खोड, तिच्या खालचे धागे ही मुळं, आणि आपण चिरतो ते थर म्हणजे पानांचे फुगलेले तळ.

१२. एक पान कुठून कुठपर्यंत

कढीपत्त्याची एक काडी दाखवा आणि ‘पानं किती?’ विचारा. उत्तर पंधरा-वीस येतं. बरोबर उत्तर एक.

ओळखायची खूण अशी: जिथे देठ खोडाला जुळतो त्या बगलेत एक बारीक कळी असते. ती खोडावरच, देठाच्या वरच्या कोपऱ्यात बसलेली असते, हिरवी आणि टोकदार. भिंग असेल तर उत्तम, नसेल तरी बोटाला लागते. कढीपत्त्याच्या त्या लहान ‘पानांच्या’ बगलेत अशी कळी सापडत नाही. ती सापडते पूर्ण काडी फांदीला जिथे जुळते तिथे. म्हणजे अख्खी काडी हे एक पान आणि त्यावरची ती लहान ‘पानं’ म्हणजे पर्णिका. यासाठी तोडलेली काडी चालणार नाही, फांदीसकट तुकडा हवा. बाजारातून आणलेल्या जुडीत बऱ्याचदा नुसत्या काड्याच असतात.

मग बेल, चिंच, शेवगा आणि गुलाब यांवर तीच परीक्षा. बेलाचं त्रिदल म्हणजे तीन पानं नव्हेत, एक पान.

१३. फूल

झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल पहिल्या तासाला नको. ते एक फूल दिसतं, पण असतो अनेक लहान फुलांचा गुच्छ. बोगनवेलीचा रंगीत भागही पाकळ्यांचा नसतो. ती रंगीत पानं असतात आणि खरं फूल त्यांच्यामध्ये, बारीक नळीसारखं. साधी पाच पाकळ्यांची जास्वंद घ्या, झुपकेदार नको, कारण तिच्यातले पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात.

बाहेरून आत जा: हिरवी निदलं, पाच पाकळ्या, मधली नळी, तिच्यावर पिवळ्या परागाचे पुंकेसर आणि सगळ्यात टोकाला स्त्रीकेसराचे पाच लाल ठिपके. ही नळी अख्खी स्त्रीकेसर आहे असं सांगण्याची चूक फार होते. नळी पुंकेसरांची असते, स्त्रीकेसर तिच्या आतून जातो. ब्लेड तुमच्याच हातात ठेवून नळी उभी चिरून दाखवा.

आसपास भेंडी लावलेली असेल तर जास्वंदीपेक्षाही ती बरी. दोघी एकाच कुळातल्या, फूल तसंच, पण बागेतल्या जास्वंदीला फळ क्वचित धरतं. भेंडीच्या एकाच झाडावर कळी, फूल, सुकलेल्या पाकळ्या आणि कोवळी भेंडी सगळं दिसतं. भेंडी आडवी कापली की आत बिया. भाजीतलं ‘फळ’ कोणतं, हा प्रश्न तिथेच सुटतो.

दोन्ही एकत्र: मूग आणि थर्मामीटर

१४. दोन डबे, एक फरक

मूग रात्रभर भिजवा. दोन सारख्या डब्यांत ओला कापूस पसरा आणि प्रत्येकी वीस दाणे मोजून ठेवा. एक डबा वर्गात, एक फ्रीजमध्ये. शाळेत फ्रीज नसेल तर जवळच्या कुणाच्या घरी.

इथली नेहमीची चूक म्हणजे वर्गातला डबा उघडा ठेवणं. फ्रीजमध्ये अंधार असतो. वर्गातल्या डब्याला उजेड मिळाला तर मोड उष्णतेमुळे आले की उजेडामुळे, हे कसं ठरवणार? दोन्ही डबे झाकणाचे आणि आत उजेड न जाणारे हवेत. कापूसही दोन्हीकडे सारखाच ओला.

फ्रीजचं तापमान मोजायला दार उघडून थर्मामीटर हवेत धरू नका, दार उघडताच हवा बदलते. पेलाभर पाणी आदल्या रात्री आत ठेवा आणि त्या पाण्याचं तापमान वाचा. वर्गातही शेजारी तसाच पेला ठेवा.

रोज ठरलेल्या वेळी दोन्ही पेल्यांचं तापमान आणि मोड आलेल्या दाण्यांची संख्या लिहा. वर्गातल्या दाण्यांना दिवसभरात मोड दिसतात, फ्रीजमधले जवळजवळ तसेच राहतात. तिसऱ्या दिवशी फ्रीजमधला डबा बाहेर काढून वर्गात ठेवा. त्यातल्या बऱ्याच दाण्यांना मोड येतात. ही पायरी सोडू नका, नाहीतर ‘थंडीने बी मरतं’ असा निष्कर्ष वहीत जातो.

मोड आलेले चार-पाच दाणे कुंडीत लावा. सगळ्यात आधी मूळ बाहेर येतं. वर येणारे दोन जाड भाग पानं नाहीत, ती बीजपत्रं. त्यानंतरची दोन पानं साधी असतात आणि पुढचं पान तीन पर्णिकांचं. तिथे ‘आता पानं किती?’ हा प्रश्न पुन्हा विचारा आणि बगलेतली कळी शोधायला लावा.

सावधान: हा प्रयोग सोमवारी सुरू करा. शुक्रवारी किंवा शनिवारी लावला तर सुट्टीत कापूस वाळतो, मोजणी चुकते आणि सोमवारी डबे उघडल्यावर कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही.